मारणं कोणाला परवडतं

अण्णा,

मी आता तुमचाच विषय शिकवते. हिंगोलीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र. तुम्ही गेलात तेव्हा मी अजून शिकतच होते, त्यामुळे हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. आणि मी सिनेमे दाखवून शिकवते, हे ऐकून तर तुम्ही खुर्चीत पुढे सरकून बसला असता. वर्गात प्रोजेक्टर आहे. पडदे ओढून घेतले की दुपारीसुद्धा बऱ्यापैकी अंधार होतो. मी एखादी मारामारी लावते, ऐन रंगात आली की थांबवते आणि विचारते, यात मारणं कोणाला परवडलं? पोरं आधी हसतात, एकमेकांना कोपरं मारतात, मग हळूहळू गप्प होऊन विचार करायला लागतात. तो गप्प होण्याचा क्षण मला फार आवडतो. तुम्हालाही तोच आवडायचा.

वसमतला आपण भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. रविवारी दुपारी तुम्ही भाड्याचा व्हिडिओ टॉवेलात गुंडाळून स्कूटरवर पायाशी ठेवून आणायचात, लेकरू आणल्यासारखा. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकलेली असायची आणि बारावी कॉमर्सची पोरं खेटून बसलेली. हट्टा गावच्या मेंढपाळाच्या घरातून शिकून मास्तर झालेला पहिला माणूस तुम्ही; पुस्तकातली उदाहरणं तुम्हाला कधी पटली नाहीत. तुम्ही म्हणायचात, लोक जिथं जीव घ्यायला तयार होतात तिथं जाऊन बघा, बाजार तिथं उघडा दिसतो. म्हणून प्रेमाचे सिनेमे आपल्याकडे कधी आलेच नाहीत. सगळे सुरे-तलवारींचे.

नदीच्या घाटावर नावाड्यांकडून हप्ता घेणाऱ्या एका दादाचा सिनेमा होता. म्हातारा नावाडी भर घाटावर त्या दादाच्या तोंडावर थुंकतो. दादा तलवार काढतो, म्हाताऱ्याला वाळूत लोळवतो, छातीवर गुडघा देतो आणि त्याचा कान कापतो. रक्त वाळूत मुरतं. तुम्ही तिथं बटण दाबलंत. चित्र थरथरत उभं राहिलं. "मान काहून न्हाई उडवली?" तुम्ही विचारलंत. कोणीतरी म्हणालं, "दया आली असंल, सर." तुम्ही मोठ्यानं हसलात. "दया? अरे, मेलेला नावाडी उद्या नाव चालवत न्हाई. हात तोडला तरी चालवत न्हाई. कान नाव चालवायला लागत न्हाई, म्हणून कान. आणि कान लांबून दिसतो, म्हणून बाकीचे नावाडी उद्या न बोलता देतील." मी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होते, माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी मला तुमचा एवढा अभिमान वाटला की काय सांगू.

गुंड हिरोवर एकेकटेच का धावून जातात, यावर तर तुम्ही अख्खा तास घेतला होता. म्हणालात, हे सगळे रोजावरचे. मार खाल्ला तरी तेवढंच मिळणार, मागं उभं राहिलं तरी तेवढंच. मग पहिला कोण जाईल? मालकाची नजर ज्याच्यावर पडते तो बिचारा ओरडत पळत येतो, बाकीचे नाचल्यासारखे जागच्या जागी हलतात. आम्ही पोट धरधरून हसलो. शेवटी खलनायक हिरोला बांधून भाषण का देत बसतो, तर म्हणे भीती हा त्याचा माल आहे, आणि गिऱ्हाइकासमोर मांडल्याशिवाय माल विकला जात नाही. आणि प्रत्येक रविवारी, पोरं चपला घालायला उठली की, तुमचं ते एक वाक्य: राग सगळ्यांनाच येतो, मारतो तो, ज्याला मारणं परवडतं.

आता वसमतच्या त्या आतल्या खोलीत, आपल्या स्वयंपाकघरात जाते, अण्णा. मी तिथं शाळेचं दप्तर घेऊन बसले आहे. चुलीवर तवा तापलेला आहे, आई भाकरी थापून राहिली आहे. तुम्ही कॉलेजातून आला आहात. त्या दिवशी प्राचार्यांनी तुम्हाला पोरांसमोर बोल लावला होता, हे मला नंतर कळलं. तुम्ही त्यांच्यापुढं हात जोडून हसला होतात म्हणे. इथं तुम्ही पाणी मागता. आईचे हात पिठाचे, तिला उठायला क्षणभर वेळ लागतो. तुम्ही तिच्या अंबाड्याला धरता, तिला वाकवता आणि तिचा हात तव्यावर दाबता. आवाज येतो. वास येतो. आई ओरडत नाही, तिच्या घशातून वाफ निघावी तसं काहीतरी निघतं. तुम्ही हात सोडता, माठातून स्वतःच पाणी घेता, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पेपर उघडता. आई जळका हात पिठात खुपसते आणि राहिलेली भाकरी दुसऱ्या हातानं थापते. तुम्ही डावा हात दाबला होतात. उजवा नाही.

हे मला त्या दिवशी समजलं नाही. पुढं केव्हातरी, नावाड्याच्या कानाबद्दल विचार करताना समजलं. त्यानंतर मी तुम्हाला सिनेमा बघितल्यासारखी बघायला लागले. तुम्ही तोंडावर कधीच मारलं नाहीत. पाठीत, दंडावर, मांडीवर, जिथं लुगडं झाकतं तिथं. कमरेचा पट्टा काढायच्या आधी तुम्ही रस्त्याकडची खिडकी लावून घ्यायचात, आणि ती लावताना तुमचा हात अजिबात कापत नसे. एकदा आईची बरगडी दुखावली, तिला श्वास घेता येईना, तेव्हा तुम्हीच तिला डॉक्टरकडे नेलंत, बाहेर रसवंतीवर तिला रस पाजलात. डॉक्टरला ती म्हणाली, न्हाणीत पाय घसरला. तिची सांगायची कारणं नेहमी तयार असत. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून सगळं ऐकत आणि सकाळी आईला कोथिंबीर आणून देत. प्राचार्यांवर, घरमालकावर तुमचा राग कधी निघाला नाही. त्याला घरचा रस्ता बरोबर माहीत होता.

मी अकरावीत असताना तो रविवार आला. त्या दिवशीच्या सिनेमात ट्रकवाला हिरो होता. त्यानं दोन-चार माणसं साखळीनं फोडून काढली, एकाचं डोकं रेडिएटरवर आपटलं, आणि घरी येऊन बायकोला एक चापट मारली. तिनं उलट प्रश्न विचारला होता एवढंच. चापट बसली तशी पोरांनी शिट्ट्या मारल्या. बाईनं गालावर हात ठेवला, आणि मग ती त्याच्या छातीवर डोकं टेकून रडली. तुम्ही बटण दाबलं नाहीत. पहिल्या बाकावर बसणारा तुमचा लाडका विद्यार्थी, चष्मेवाला, त्यानं खरोखर शिकायला म्हणून विचारलं, "सर, साखळीनं मारलं ते कळालं, माल सोडवायचा व्हता. पन ही चापट? हिच्यात त्याचा काय फायदा?"

तुम्ही म्हणालात, "ते सोड. ती कथेची गरज हाय."

तुम्ही प्रश्न सोडून दिलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. मी उंबऱ्यावर होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "कथेची न्हाई, अण्णा. तिला मारलं तर त्याचं काहीच जात न्हाई. ती कुठं जाणार न्हाई, कोणाला सांगणार न्हाई, आन उद्या भाकरी बी करणार. ज्याला परवडतं तो मारतो."

मागं सिनेमातलं गाणं सुरू झालं होतं. चष्मेवाल्यानं तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आतल्या दाराकडे, जिथं आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तुम्ही उठून टीव्ही बंद केलात आणि शांतपणे म्हणालात, "आज एवढंच." पोरं चहा न घेता गेली.

तुम्ही खिडकी लावलीत. मग व्हिडिओची काळी वायर मागून उपसलीत, दुहेरी केलीत आणि मला मारलंत. माझ्यावर तोवर तुम्ही हात उचलला नव्हता. पहिला फटका मानेवर बसला, दुसरा कानावरून गालावर. तोंडावर, अण्णा. त्या दिवशी तुम्ही तोंडही सोडलं नाहीत. मी भिंतीला लागून खाली बसले, हातांनी डोकं झाकलं, तुम्ही बोटांवर मारलंत. तुम्ही काहीतरी बोलत होतात, "पोरांपुढं, माझ्या पोरांपुढं" असं काहीतरी. वायरीच्या टोकाची पितळी पिन माझ्या भुवईत घुसली आणि माझ्या डोळ्यात रक्त उतरलं. मला वाटलं, आपला डोळा गेला.

आई आतून आली ती मिरच्या कुटायचा लोखंडी बत्ता घेऊन. ती ओरडली नाही, तुम्हाला हाकही मारली नाही. तुमचा हात वर गेलेला होता. तिनं तो खाली यायची वाट बघितली आणि भिंतीशी टेकल्यावर मनगटावर बत्ता घातला. हाड मोडल्याचा आवाज सिनेमात असतो तसा नसतो, बारीक असतो, ओली काडी मोडल्यासारखा. तुम्ही खाली बसलात आणि लहान मुलासारखे ओरडलात. आईनं बत्ता परत उचलला होता. तुम्ही डाव्या हातानं तोंड झाकून घेतलंत. ती तशीच उभी राहिली, धापा टाकत, बत्त्याला लागलेलं तिखट तुमच्या सदऱ्यावर गळत होतं. मी एका डोळ्यानं तिच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, घाल. अजून एक घाल. तिनं घातला नाही. बत्ता कोपऱ्यात ठेवून ती म्हणाली, "चला. डाक्टरकडं चला दोघं."

रिक्षात आपण तिघं. तुम्ही मनगट मांडीवर धरून, मी आईच्या पदराचा बोळा भुवईवर दाबून, आई मधे. दवाखाना बाजाराच्या तोंडाशी, बाहेर माणसं बसलेली. डॉक्टरनं विचारलं, "काय झालं, सर?" तुम्ही म्हणालात, "स्कूटरवरून पडलो. पोरगी मागं बसली व्हती."

"पडले न्हाईत," आई म्हणाली. मोठ्यानं नाही, पण दार उघडं होतं. "यांनी पोरीला वायरीनं मारलं, आन मी यांच्यावर बत्ता घातला."

डॉक्टरनं चष्मा काढला. कंपाउंडर कापूस हातात धरून तसाच उभा राहिला. तुम्ही आईकडे बघितलंत. मी तुमचा तो चेहरा त्यापूर्वी कधी बघितला नव्हता; रागाचा नव्हता तो, भीतीचा होता. आईनं त्याच डॉक्टरपुढं लुगडं दंडावरून सारलं आणि डावा हात पुढं केला, तळव्यावर तव्याची कड उमटलेला. म्हणाली, "हे बी बघून घ्या. मागल्या बारीला खोटं सांगितलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी मामा आला, शिरड शहापूरहून, खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी, मेंढरं कोणाच्या तरी भरवशावर सोडून. गावात ऐकून आला होता. बाहेरच्या खोलीत उकिडवा बसला आणि तुमच्या प्लास्टरकडे बघत राहिला. "हात कसा हाय, भावजी?"

"बरा हाय."

"व्हईल. हाड जुळतं." मग म्हणाला, "बहिणीला न्हेऊन राहिलो मी. पोरीला बी."

तुम्ही म्हणालात, "लोक काय म्हणतील?"

मामा उठला. "लोक कालच म्हणलेत, भावजी."

तो उन्हाळा आम्ही शिरडला काढला. मामी सुरुवातीला तोंड वाकडं करायची, मग आईचं काम बघून गप्प झाली. आई मेंढरांमागं जायची, लेंड्या गोळा करायची, लोकर कातरायच्या दिवसांत पुरुषांबरोबर बसून कातरायची. मी झाडाखाली पुस्तक घेऊन बसायचे. तिथं मी तिला पहिल्यांदा झोपलेलं बघितलं, म्हणजे खरं झोपलेलं, तोंड उघडं टाकून. घरी ती कानानं जागी असायची. तिला परत यायचं नव्हतं, अण्णा, हे तुम्हाला माहीत असावं. माझी बारावी वसमतला होती म्हणून ती आली. तुम्ही न्यायला आलात, प्लास्टर निघालेलं, मनगट वाकडं जुळलेलं. बाजेवर बसून तुम्ही नुसतं "चल" म्हणालात. आई म्हणाली, "येते. पन परत हात उचलला तर बत्ता कुठं बसंल ते मी बघणार न्हाई. डोस्क्यात बसलं तर बसलं." मामा विडी ओढत ऐकत होता. तुम्ही मान हलवलीत.

आणि तुम्ही कधीच हात उचलला नाहीत. एकदा ताट भिंतीवर फेकलंत, वरण खाली ओघळत गेलं, आईनं चुलीपुढून मान वळवून फक्त बघितलं, आणि तुम्ही स्वतः उठून फडक्यानं भिंत पुसलीत. रविवारचे सिनेमे बंद झाले. चष्मेवाला एकदा दारापर्यंत येऊन गेला, तुम्ही आत बोलावलं नाहीत. फळ्यावर तुमच्या ओळी खाली उतरत जायच्या, मनगट वर राहायचं नाही. मागचे बाक हसायचे. मी हे सगळं बघत होते आणि मला तुमची कीव येत नव्हती.

तुमच्या शेवटच्या वर्षात तुम्ही दुपारी टीव्हीसमोर बसून राहायचात. मी नांदेडला शिकायला होते, सुट्टीला आले होते. कुठलासा मारधाडीचा सिनेमा लागला होता, म्हातारा झालेला गुंड एका पोरावर कोयता उगारतो आणि खाली टाकून देतो. मी म्हणाले, "सुधारला वाटतं." तुम्ही पडद्यावरून नजर न काढता म्हणालात, "सुधारला का न्हाई ते कॅमेऱ्याला दिसत न्हाई. आता परवडत न्हाई, एवढंच दिसतं." असं म्हणून तुम्ही डाव्या हातानं उजवं मनगट चोळत राहिलात. मला विचारायचं होतं. आतून आईनं जेवायला हाक मारली, तुम्ही उठलात, आणि पुढच्या पावसाळ्यात तुमचं हृदय थांबलं.

आता सिनेमे फार बदललेत. हिरो हातोड्यानं जबडे फोडतो, कुऱ्हाडीनं माणसं ओळीनं आडवी करतो, पडदा लाल होतो आणि पोरं शिट्ट्या मारतात. मी त्यांना सांगते, विनोद एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना मरतो, रक्त मरत नाही. ज्याला सगळ्या देशाला एकच सिनेमा विकायचाय तो रक्तच विकणार. हे मी स्वतः काढलेलं आहे, तुमचं नाही. मागच्या महिन्यात असाच तास झाल्यावर एक पोरगी माझ्यासाठी मागं थांबली. जवळच्याच गावातून येते, हुशार आहे, वर्गात कधी बोलायची नाही. ओढणी मानेभोवती घट्ट घेतलेली. म्हणाली, "मॅडम, ज्याला परवडतं तो मारतो म्हणलात. मंग त्याला परवडू नये म्हणून काय करावं लागतं?" मी विचारलं, कोण? "भाऊ," ती म्हणाली. मोबाइल वापरते म्हणून. ओढणी सारून तिनं दाखवलं. बोटांचे ठसे वेगवेगळे मोजता आले असते.

मी तिला तुमची गोष्ट सांगितली नाही, बत्त्याचीही नाही. त्याच दिवशी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. तिच्या आईनं चहा केला. भाऊ दारात उभा होता, दांडगा, माझ्याकडे न बघणारा. मी त्याला समोर बसवलं आणि चहा पिता पिता म्हणाले, "हिच्या मानेवरचे ठसे मी बघितलेत. माझ्या कॉलेजातल्या दोघी बायांनीही बघितलेत. परत दिसले तर मी पोलीस घेऊन येणार, आणि रस्त्यानं येताना घराघरात सांगत येणार, काहून चालले ते." तो लाल झाला, त्याच्या मुठी वळल्या. मला वाटलं हा आता मला मारतो. मी कप बशीत ठेवला नाही, वाजला असता म्हणून. मग तो उठून बाहेर गेला. आता मी दर आठवड्याला तिथं चहाला जाते, आणि ती पोरगी वर्गात बोलायला लागली आहे. तो भाऊ आतून बदलला का, मला ठाऊक नाही.

आई माझ्याकडेच असते. थकली आहे, पण टीव्हीवरची मारामारी सोडत नाही, गुंड आडवा झाला की म्हणते, "अजून दोन दे त्याला." परवा मी तिला विचारलं, अण्णा खरंच बदलले होते का गं, की तुला भ्यायले होते? ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "मला काय करायचंय? थांबलं न्हवं?" तिचं बरोबर आहे. अर्थशास्त्रही हेच म्हणतं, मीही वर्गात हेच शिकवते: माणसाच्या मनात काय होतं ते धरायचं नाही, त्यानं काय केलं ते धरायचं.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, आणि आईच्या हाती लागायच्या आत मी तो फाडणार आहे. म्हणून लिहून टाकते. तुम्ही बदलला होतात, असं मला वाटतं. त्याला काहीही पुरावा नाही, आणि परीक्षेत एखाद्या पोरानं असं लिहिलं तर मी त्याला शून्य देईन.